बत्तीस की बावीस

"भीतीच निघू दे," रचना म्हणाली. "भीती असली तर लई बरं होईल."

नवऱ्याबद्दल असं कुणी बोलत नाही. पण ती मनापासून बोलली, आणि दत्तात्रेयालाही राग आला नाही. घरून निघाल्यापासून तोही मनातल्या मनात हेच मागत होता.

म्हसळ्याबाहेर जांभ्याच्या बंद पडलेल्या खाणीत नेमबाजीचा क्लब होता. समोर खाणीची उभी भिंत, तिच्या पायथ्याशी निशाणं, आणि अलीकडे पत्र्याच्या सावलीत एक लांब टेबल. टेबलावर दोन पिस्तुलं होती. एक बत्तीसचं, दत्तात्रेयाचं स्वतःचं. दुसरं बावीसचं, क्लबचं. बत्तीसची गोळी मोठी, सुटताना मनगटाला दणका देते. बावीसचा धक्का जेमतेम जाणवतो. राज्य स्पर्धा तोंडावर आली होती आणि दत्तात्रेयानं कुठल्या पिस्तुलानं उतरायचं ते आज ठरायचं होतं. निदान नवरा, बायको आणि प्रशिक्षक आमिर, या तिघांनी एकमेकांना तसं सांगितलं होतं.

दत्तात्रेयाचा हात हलत होता, आजच नाही, कधीपासूनचा. पण नेमबाजीत हाताच्या हलण्याला कुणी दचकत नाही. नळी थोडी सगळ्यांचीच हलते, तिला हलू द्यावं आणि चाप सावकाश दाबावा, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटलंच नाही. पिस्तुलाची मूठ कोरून घेतली, पायांची ठेवण बदलली, वाळू भरलेली बाटली हातात धरून रोज सकाळी गच्चीत उभं राहणं झालं. शेवटी आमिरनं सांगितलं की दत्ताभाऊ, तुम्ही बत्तीसच्या धक्क्याला घाबरता. न्हावा शेव्याच्या बंदरात उंच क्रेनवर बसून कंटेनर उचलणारा हा माणूस ते ऐकून इतका खूश झाला, की घरी जाताना जिलेबी घेऊन गेला.

रचनाला ती जिलेबी गोड लागली नाही. चहा पिताना त्याची बशी वाजायची ते ती ऐकत होती. पालीच्या घरी सासऱ्यांचा, अंबाजींचा, कंपवात असाच बशीपासून सुरू झाला होता, आणि शेवटी शेवटी तिनंच त्यांना लहान पोरासारखं भरवलं होतं. म्हणून नवराबायकोचं ठरलं होतं. हात भीतीनंच हलतो असं निघालं तर बावीस घ्यायचं आणि स्पर्धेला जायचं. तसं नाही निघालं तर पनवेलच्या डॉक्टरकडे जायचं.

"भाऊ, मी तुमच्याकडे पाठ करून भरणार," आमिर म्हणाला. "कधी आत गोळी असेल, कधी नसेल. तुम्हाला कळायचं नाय. धक्क्याची भीती असली, तर चाप दाबताना नळी आपोआप खाली जाते. गोळी असली तर आवाजात लपतं. रिकाम्यावर नाय लपत."

"आणि गेली खाली, तर?"

"तर बावीस. ही भीती जाते, भाऊ. बऱ्याच जणांची घालवलीय मी."

तिघांनी कानावर आवाज अडवणारे कानबंद चढवले. आमिरनं पाठ फिरवून पिस्तूल तयार केलं, नळी निशाणाकडे करून टेबलावर ठेवलं आणि बाजूला झाला. दत्तात्रेयानं ते उचललं. पहिल्यांदा गोळी सुटली. खाण दणाणली. दुसऱ्यांदाही सुटली.

तिसऱ्यांदा नुसतं टक् झालं.

नळी थरथरत होती. चाप दाबायच्या आधी थरथरत होती, दाबताना थरथरत होती, नंतरही तशीच थरथरत राहिली. खाली मात्र गेली नाही. रचनानं इतकं टक लावून पाहिलं होतं की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"एकावरून नाय कळत," आमिर म्हणाला आणि त्यानं पुन्हा पाठ फिरवली.

पुन्हा टक्. पुन्हा तसंच. मग आणखी एकदा. रचना आमिरच्या बाजूला उभी होती म्हणून तिला दिसलं, त्यानं गोळ्यांची डबी केव्हाच बंद केली होती. तो दर वेळी रिकामंच पिस्तूल पुढे ठेवत होता. दत्तात्रेयाला ते ठाऊक नव्हतं. तो दर वेळी धक्क्याच्या तयारीनं उभा राहायचा, श्वास अर्ध्यावर थांबवायचा, आणि दर वेळी त्याचं मनगट बिचारं एखाद्या कसलेल्या नेमबाजाचं असावं तसं धक्क्याला सामोरं जायचं.

आमिरनं कानबंद काढले. बाकीच्या दोघांनीही काढले.

"भाऊ, तुम्ही जरासुद्धा घाबरत नाय," तो म्हणाला. हे वाक्य तो एरवी पोरांच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा. आज त्याला मान वर करता येईना.

दत्तात्रेयानं पिस्तूल खाली ठेवलं आणि शेजारी हात ठेवला. पिस्तूल गप्प पडून राहिलं. हात हलत राहिला. अंगठा आणि बोट, तांदळातला खडा चाचपावा तसे, एकमेकांवर फिरत राहिले. रचनानं त्यावर आपला हात घट्ट दाबून धरला, तर तिचाही हलू लागला.

"बावीस तरी एकदा धरून बघा ना," ती म्हणाली. "हलकं हाय ते."

"हलकं हाय गं."

त्यानं बावीसकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या हाताखालून आपला हात काढून घेतला, डाव्या हातानं कानबंद पुन्हा कानावर चढवले आणि बत्तीस आमिरपुढे सरकवलं.

"आणखी एकदा भर," तो म्हणाला. "आता घाबरून दाखवतो."