पहिलटकरणींचा वर्ग

मातृत्व ही निसर्गाची देणगी आहे. जोर कसा लावायचा हे मात्र दवाखान्यात दर शनिवारी शिकवावं लागतं.

"अगं, घशात नको, खाली लाव जोर," प्रसूतिगृहातल्या सिस्टर चौथ्यांदा म्हणाल्या. "वर्गात काय झोपा काढल्यास? कार्डावर तर सहाच्या सहा हजेऱ्या आहेत."

"त्या सासूबाईंच्या," दोन कळांच्या मधे ती कशीबशी म्हणाली. "मला म्हणाल्या, तू घरी आराम कर, मी शिकून येते."

सिस्टरांनी दार उघडून सासूबाईंना आत बोलावलं. "या, आता तुम्हीच शिकवा हिला."

सासूबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. "लिहून सगळं घेतलंय हो. पण जोर नक्की कसा लावायचा, ते काही कळलं नाही. माझी दोन्ही सिझेरियन."