जुन्या कोर्टातला पहिला प्रयोग

जुन्या कोर्टाचं नाट्यगृह होणार म्हटल्यावर निवृत्त न्यायाधीशांनी नाक मुरडलं होतं. "जिथे आम्ही निवाडे केले, तिथे आता नाचगाणी?"

पण पहिल्याच संगीत नाटकात नातीला काम मिळालं आणि आजोबा सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसले. ते जिथे बसून निकाल द्यायचे, तिथेच उभी राहून नात गायली. त्या उंच छताखाली तिचा आवाज असा घुमला, की आजोबांना राहवेना. उठून त्यांनी "वन्स मोअर"चा धोशाच लावला.

दारावरचा माणूस धावत आला. "आजोबा, शांतता राखा, नाहीतर बाहेर काढावं लागेल."

उभा जन्म याच दालनात त्यांनी हे वाक्य लोकांना ऐकवलं होतं. आज तेच स्वतः ऐकून आजोबा आणखी मोठ्याने ओरडले, "वन्स मोअर!"