बाराव्या तुकड्याचं शेपूट

"हे नाव कुणी घातलं?" मास्तरांनी पडद्यावर बोट आपटलं.

वादक म्हणून तिथे त्यांच्या बायकोचं नाव आलं होतं. व्हायोलिनच्या बाराही तुकड्यांपुढे, एकाखाली एक.

कॉम्प्युटरवालीने त्यांना शांतपणे समजावलं. समोरच्या इमारतीत तिचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि मास्तरांचा पारा तिच्या ओळखीचा होता. कॉम्प्युटर ज्याच्या नावावर असेल त्याचंच नाव हे सॉफ्टवेअर सगळीकडे चिकटवतं, असं ती म्हणाली. कॉम्प्युटर घेताना काकूंचं नाव लागलं होतं.

"म्हणजे फ्रिज हिच्या नावावर घेतला तर बर्फही हिनेच जमवला म्हणायचं," मास्तर म्हणाले. "काढून टाक ते. दुसरं शोध."

त्यांचा संताप कुणालाही पटला असता. चाळीस वर्षं त्यांनी या दोन खोल्यांत व्हायोलिन शिकवलं होतं. खांदा धरल्यामुळे गेली वीस वर्षं ते चारचौघांत वाजवत नव्हते. उरली होती ती तरुणपणी घरी कॅसेटवर केलेली आणि आता कॉम्प्युटरवर उतरवलेली ही बारा ध्वनिमुद्रणं. आता एक संगीत संस्था ती मास्तरांच्या नावाने कायमच्या संग्रहात ठेवणार होती आणि डिस्क न्यायला चिटणीस पाच वाजता येणार होते. शिवाय कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. तो केव्हा डोळे मिटेल याचा नेम नव्हता, म्हणून एक डिस्क घरी ठेवायलाही हवी होती.

दुसऱ्या सॉफ्टवेअरने नाव बरोबर घेतलं, पण तुकड्यांची शेपटं कापायला ते तयार नव्हतं. वाजवणं संपलं तरी मुद्रण पुढे पाच-दहा सेकंद चालू राहिलेलं होतं. त्यात काय असेल ते असेल, खुर्ची सरकत असेल, नळ वाहत असेल, मास्तरांना ते नको होतं. एकही तुकडा लावून न बघता त्यांनी तेही सॉफ्टवेअर मोडीत काढलं. असली भिकार वस्तू बनवणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही, हे त्यांनी कॉम्प्युटरवालीलाच तीनदा विचारलं.

"राहू दे की ती शेपटं," काकू आतून दुधाचं पातेलं घेऊन येत म्हणाल्या. "घरचेच आवाज आहेत."

"संस्थेला काय आपलं स्वयंपाकघर ऐकवायचंय?"

काकूंनी पातेलं टेबलावर ठेवलं. दूध अजून वाफाळत होतं आणि त्यांनी ते डाव्या हाताच्या नुसत्या बोटांनी धरून आणलं होतं. भाजत नाही का, असं कॉम्प्युटरवालीने विचारलं.

"घट्टे पडलेत बोटांना."

"घरकाम," मास्तर म्हणाले.

साडेतीन वाजता तिसरं सॉफ्टवेअर सापडलं. फुकटात वापरून बघायची आवृत्ती होती. सुरुवातीलाच मुंगीएवढ्या अक्षरांची लांबलचक सूचना उघडली. मास्तरांना ती दिसेना. कॉम्प्युटरवाली असल्या सूचना कधीच वाचत नसे. काकूंनी मात्र चष्मा लावला आणि उभ्या उभ्या ती अगदी तळापर्यंत वाचली.

"हेच घ्या," त्या म्हणाल्या. "यात सगळं आहे."

हिला आज पहिल्यांदाच अक्कल सुचली, असं म्हणून मास्तरांनी होकार दिला.

दोन डिस्क तयार झाल्या. मास्तरांनी दोन्हींवर जाड पेनाने आपलं नाव लिहिलं. मग पहिला तुकडा लावून पाहिला. शेवटचा सूर विरला आणि तिथेच तुकडा संपला, सुरीने कापावा तसा. दुसराही तसाच. तरी मास्तरांची धग काही कमी होत नव्हती. त्या पहिल्या सॉफ्टवेअरवाल्यांना पत्र लिहून खडसावायचं, असं ते म्हणत होते.

"माणूस जन्मभर झिजतो आणि नाव लागतं भलत्याचंच. ही चोरी आहे. दिवसाढवळ्या केलेली चोरी."

"हो," काकू म्हणाल्या. "चोरीच."

पाचच्या ठोक्याला चिटणीस आले. पांढरे केस, हातात संस्थेचं पत्र. काकूंनी चहा दिला. न्यायच्या आधी एखादा तुकडा इथेच, याच खोलीत ऐकायला आवडेल, असं ते संकोचत म्हणाले. मास्तर खुलले आणि पहिला तुकडा लावायला वळले.

"शेवटचा लावा," काकू कपबशा उचलत म्हणाल्या. "तो चांगला जमला होता."

चिटणिसांनी मान डोलावली. मास्तरांनी बारावा तुकडा लावला.

तुकडा खरंच सुंदर होता. चिटणिसांनी डोळे मिटून घेतले. कॉम्प्युटरवालीला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तीही हातातलं काम सोडून ऐकत राहिली. मास्तर मान खाली घालून बसले होते. काकू आत गेल्या नाहीत. कपबशा हातात घेऊन त्या दारातच उभ्या राहिल्या.

शेवटचा सूर लांबत लांबत विरला. तुकडा थांबला नाही. एक खुर्ची सरकली.

कॉम्प्युटरवालीने जीभ चावली. फुकटच्या आवृत्तीत पहिले अकराच तुकडे कापले जात असणार, ती सूचना वाचायला हवी होती. मास्तरांनी झडप घालून माउस दाबला, पुन्हा दाबला. म्हातारा कॉम्प्युटर जागचा हलेना.

मग स्पीकरमधून लांबचा, आतल्या खोलीतून आलेला मास्तरांचा आवाज ऐकू आला. तरुण होता, पण त्यांचाच होता.

"संपलं का तुझं वाजवणं? दूध उतू चाललंय इकडे. आणि व्हायोलिन पुसून माझ्या पेटीत ठेव, मुलं यायची वेळ झाली."