बाराची तोफ

कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून आलेली तनया नारायण पेठेत शाळेतल्या बाईंना भेटायला गेली.

"तिथं तुला काय आवडतं गं? खायला, बघायला?"

"डोनेअर, बाई. रोटीत गुंडाळलेलं नॉनव्हेज, वर गोड सॉस."

"नॉनव्हेजवर गोड? असो. पुढे?"

"बंदरातली फेरीबोट. आणि टेकडीवर रोज बाराला उडते ती तोफ. तुम्ही येताय का तिकडे?"

"छे गं. आमचा आमोद तिथंच असतो ना, फोनवर त्याला विचारायला काहीतरी हवं."

रविवारी आमोदचा फोन आला.

"जेवलास का रे?"

"हो, आई."

एरवी बोलणं इथंच संपायचं. बाईंनी घाईनं विचारलं, "तिथली बाराची तोफ ऐकू येते का रे तुला?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज.

"थांब, नीट बसून सांगतो."