तोंडी मार्क

"तुमची मुलगी वर्गात फार शांत असते," फ्राऊ ल्युडर्स म्हणाल्या.

कुमार आणि नीताने त्यांचे आभार मानले.

फ्राऊ ल्युडर्स इंग्रजीच्या शिक्षिका. जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमधल्या त्या शाळेत पालकभेटीचा दिवस होता आणि प्रत्येक कुटुंबाला दहा मिनिटं मिळत होती. त्यातली दोन बेसनाच्या लाडवांवर गेली. शिक्षकांनी पालकांकडून भेट घ्यायची नसते, हे बाईंनी इतक्या गोड शब्दांत सांगितलं की नीताला वाटलं त्या आढेवेढे घेतायत. तिने डबा आणखी पुढे सरकवला.

आता बाईंनी मघाचंच वाक्य सावकाश, सोप्या इंग्रजीत पुन्हा सांगितलं. शांत म्हणजे बोलतच नाही. हात वर करत नाही. शेजारचा ढळढळीत चुकीचं बोलला तरी त्याला खोडत नाही. इथे निम्मे मार्क वर्गात बोलण्याचे असतात. अन्वीला लेखी एक आहे आणि तोंडी चार. एक म्हणजे अव्वल, चार म्हणजे काठावर पास.

कुमारला हे काही पचेना. त्याच्या शाळेत वर्गात बोलणाऱ्याला बाकावर उभं करत. अन्वी इथे पहिलीत गेली त्या दिवशी त्याने तिला बजावलं होतं: टीचरना उलट बोलायचं नाही, विचारलं तरच तोंड उघडायचं. पोरीने ते आजवर पाळलं. सांगितलेलं इतकं ऐकणारी मुलगी गावातल्या मराठी मंडळात दुसऱ्या कोणाकडे नव्हती. आणि इथे त्याचेच मार्क कापत होते.

तेव्हा अकरावीपासून अन्वीने इंग्रजीचा ग्रुंडकुर्स, म्हणजे सोपा वर्ग घ्यावा, असं बाईंचं मत पडलं. अवघड वर्गात, लाइश्टुंग्सकुर्समध्ये, तासभर वादच घालायचा असतो.

आईशेजारी बसलेल्या अन्वीने पहिल्यांदा मान वर केली. तिला हेच हवं होतं. अवघड विषय मोजकेच घेता येतात आणि त्यातली एक जागा तिला चित्रकलेला द्यायची होती. घरी तिने हे सांगून पाहिलं होतं. पण जर्मनमध्ये, कारण चिडली की तिचं मराठी संपतं. कुमारला त्यातलं निम्मंच कळलं. तेवढ्यावर त्याने उत्तर दिलं की चित्रं रविवारी काढायची असतात.

बाईंना त्याने समजावलं, की इंग्रजी हा आमचा घरचाच विषय. तो गाड्यांच्या ब्रेकचं काम बघतो, ते सगळं इंग्रजीत चालतं. त्याच्या मित्राच्या, श्रीरंगच्या मुलानेही लाइश्टुंग्सकुर्सच घेतलाय. बोलण्याचं काय, उद्यापासून बोलेल. मी सांगतो तिला. मग नीताकडे वळून तो मराठीत पुटपुटला, "दीडशे वर्षं इंग्रजांची चाकरी केली ती काय ग्रुंडकुर्ससाठी?"

"अहो, हळू."

बाईंनी विचारलं, अन्वीला स्वतःला काय हवंय? कुमारने सांगितलं, तिला लाइश्टुंग्सकुर्स हवाय.

"मी अन्वीला विचारलं," बाई म्हणाल्या.

अन्वीने आईकडे पाहिलं. विचारतायत तर बोल की, नीता म्हणाली.

अन्वी बोलायला लागली. इंग्रजीत, कुठेही न अडखळता. "बाबा, मी चित्रं रोज काढते. तुला रविवारी दिसतात, कारण तू रविवारी घरी असतोस." श्रीरंगकाकांच्या मुलाला वाद घालायला आवडतं म्हणून तो त्या वर्गात गेला, असं तिने सांगितलं. आपल्यालाही वाद घालता येतो, पण येणं वेगळं आणि आवडणं वेगळं. ब्रेकचं काम इंग्रजीत चालत असेल, पण त्यासाठी कादंबऱ्यांवर निबंध लिहावे लागत नसणार. बाबाचा एकेक मुद्दा तिने उचलला, नीट उलगडला आणि बाजूला ठेवला. शेवटी म्हणाली, "विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं तूच सांगितलं होतंस. आज विचारलंय."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. आपण आपला सल्ला मागे घेतो, त्या म्हणाल्या. इतका चांगला वाद घालणाऱ्या मुलीला सोप्या वर्गात बसवणं बरं नाही. अर्थात, निवड शेवटी घरच्यांशी बोलून तिनेच करायची.

कुमारचा चेहरा उजळला. मुलीने आपल्यालाच खोडून काढलं होतं, ही बाब त्याच्या लेखी किरकोळ होती. निकाल आपल्या बाजूने लागला होता. त्याने कौतुकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं, छान बोललीस. आता गप्प बस आणि मॅडम सांगतायत तसं कर."

मराठी न कळल्यामुळे बाईंनी अन्वीला विचारलं, बाबा काय म्हणाले?

अन्वीने बाबाकडे पाहिलं. मग जर्मनमध्ये, एका दमात सांगून टाकलं: ते म्हणतायत, मला जे हवं तेच मी घ्यावं, त्यांची काही हरकत नाही.

बाईंनी खात्री करून घेण्यासाठी कुमारकडे पाहिलं. समोरचा भराभर जर्मन बोलला आणि मग आपल्याकडे बघून हसला की काय म्हणायचं, हे तो ऑफिसच्या कँटीनमध्ये शिकला होता.

"गेनाऊ," तो म्हणाला. अगदी बरोबर. वर मानही डोलावली.

नीता दोन वर्षं संध्याकाळच्या जर्मनच्या वर्गाला जात होती. तिला शब्द न् शब्द कळला होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि पर्स खांद्याला लावून उठली.

"चला अहो. बाहेर लोक थांबलेत."