सव्वातीन मिनिटांचा शॉट

"सव्वातीन मिनिटं कुठून आणलीस?" परीक्षक दांडेकर सर म्हणाले. "बाई तांदूळ निवडते तो शॉट चार सेकंदांचा आहे. मी हा चित्रपट अकरा वेळा पाहिलाय."

"पट्टा लावून, सर," यामिनी म्हणाली.

मनगटावरच्या पट्ट्याशिवाय आता कुणीच चित्रपट पाहत नसे. प्रेक्षकाचं लक्ष उडालं की पट्ट्याला ते नाडीवरून कळे आणि शॉट तिथेच कापला जाई. तोंडी परीक्षेसाठी नेमलेला हा चित्रपट यामिनीने मात्र पट्टा काढून पाहिला होता.

"कॅमेरा हलतच नाही," ती म्हणाली. "नवरा बाहेरून बोलत राहतो, पण दिसत नाही. ती खडे काढत बसते. दुसऱ्या मिनिटाला मला इतका कंटाळा आला की उठून जावंसं वाटलं. मग लक्षात आलं, तिलाही तेच वाटतंय. म्हणून शेवटी ती घर सोडते ते पटतं."

"मला ते कधीच पटलं नव्हतं," सर बोलून गेले आणि थबकले. मग त्यांनी समोरची गुणपत्रिका सारखी केली. "पण नियम सगळ्यांना सारखा. पट्टा लावून पुन्हा पाहा आणि उत्तर बदल. नाहीतर मला शून्य द्यावं लागेल."

"द्या की, सर," यामिनी म्हणाली. "फक्त शेऱ्यात कारण लिहा. विद्यार्थिनीने चित्रपट पूर्ण पाहिला."