मागच्या खोलीची वायर

"या घरातून कोणाला कधी बाहेर पडायची गरजच पडणार नाही," असं दिलवरसिंग नानांनी जाहीर केलं, तेव्हा घराला दार बसलेलं नव्हतं आणि हॉलमध्ये शेजाऱ्यांची शेळी उभी होती. नाना तिला हाकलायला धावले. ती खिडकीच्या भगदाडातून बाहेर पडली.

नाना वनखात्यातून निवृत्त झालेले. जळगावात मेहरूणला प्लॉट घेऊन घर बांधत होते. थोरली ज्योत्स्ना धुळ्याला शिकायला गेली आणि तिथेच आपल्या मनाने लग्न करून बसली, त्या दिवशी त्यांनी तिचा फोटो भिंतीवरून उतरवला होता. आवाज चढवला नाही. फक्त फोटो उतरवला.

आता धाकट्या ललिताला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली. नाना याही वेळी शांत होते. नोकरी कर म्हणाले, पण इथूनच. कंपनी तयार झाली, एका अटीवर. घरातली वायरवरची इंटरनेटची लाइन त्यांच्या चाचणीत टिकली पाहिजे. नाही टिकली, तर पुण्याला हजर व्हायचं.

ललितासाठी नानांनी मागची खोली ठरवली. रस्त्याकडे खिडकी नाही, भिंती जाड, मोबाइलला रेंज नाही, दारासमोर कॅमेरा. कामात लक्ष लागतं, असं त्यांचं म्हणणं. ललिताची आई दिवालीबाई सहसा बोलत नसत. त्यांनी चारी भिंतींना हात लावून पाहिला आणि चहा ठेवायला गेल्या.

वायर घ्यायला नवरा-बायको आणि वायरमन निंबा असे तिघे पारसशेठच्या दुकानात गेले. पारसने दोन बंडलं पुढे ठेवली. दोन्ही निळी, दिसायला जुळ्या बहिणी. मग त्याने ब्लेड घेऊन एकेकीची तार खरवडली. एक आतपर्यंत लाल राहिली. दुसरीचा लाल मुलामा निघाला आणि खाली पांढरं ॲल्युमिनियम दिसलं. ही स्वस्त आहे पण घरात घालू नका, हे त्याने आपणहून सांगितलं. कोपऱ्यात दोनदा वाकवली की आतल्या आत तुटते आणि बाहेरून कळत नाही.

दिवालीबाईंनी ब्लेड मागून घेतलं. दोन्ही तारा स्वतः खरवडल्या, वाकवल्या, परत वाकवल्या.

"बघा शेठ," नाना कौतुकाने म्हणाले, "माझ्यापेक्षा हीच कडक."

नानांनी तांब्याचं बंडल घेतलं. दिवालीबाईंनी ते स्वस्तातलंही मागितलं, गच्चीवर धुणं वाळत घालायला. नाना पोट धरून हसले आणि तेही घेतलं.

निंबाचं म्हणणं होतं, भिंतीत आधी पाइप टाकू आणि त्यातून वायर नेऊ. नानांनी मान हलवली. पाइपातली वायर कोणीही ओढून काढतं.

"आत गेलेलं आतच राहिलं पाहिजे," ते म्हणाले.

हे ऐकून निंबाला उगाच तहान लागली.

गिलाव्याच्या दिवशी नाना गुरुजींकडे गेले होते. राखणीला दिवालीबाई. मागच्या खोलीत पोतं टाकून बसल्या, मांडीवर ब्लेड. दोन्ही बंडलं कोपऱ्यात पडली होती. त्यांनी दोहोंची टोकं खरवडली, उजेडाकडे धरली आणि एक बंडल पायाने निंबाकडे सरकवलं.

"हाई टाक, निंबाभाऊ. आनि कोपरामा चांगली दाबी वळव."

निंबाने वायरकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग वायर खाचेत बसवली, कोपऱ्यात दाबून वळवली आणि वर गिलावा चढला. संध्याकाळी नाना आले. गिलाव्यावर तळहात ठेवून समाधानाने उभे राहिले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वास्तुशांत झाली. आखाजीला खान्देशात लेकी माहेरी येतात. ज्योत्स्नाला बोलावणं गेलं नाही. पंगतीत नानांनी समस्त भाऊबंदांना बजावलं, की वास्तुशांतीनंतर वर्षभर या घराच्या भिंतीला हातोडा लागणार नाही, मग काहीही होवो. भाऊबंदांनी माना डोलावून आणखी वरण घेतलं.

त्यानंतरच्या आठवड्यात कंपनीची चाचणी झाली. लाइन लागली. तुटली. लागली. तुटली. दुपारी ललिता अंगणात जाऊन फोनवर बोलून आली. सोमवारी पुण्याला बोलावलं होतं.

नानांनी बोर्ड उघडून तार बाहेर ओढली, खरवडली. पांढरी.

हातोडा समोरच्या कोनाड्यात होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. भिंतीवर हळदीकुंकवाचे हात अजून ताजे होते.

"पारसने फसवलं," ते म्हणाले. आवाज अगदी हळू. फोटो उतरवताना होता तसा. ललिता स्वयंपाकघराच्या दाराआड सरकली.

पारसच्या तोंडावर पुरावा फेकायचा, तर दोन्ही तुकडे शेजारी ठेवून दाखवायला हवे होते. धुण्याच्या वायरीचा तुकडा कापून आणायला नाना ब्लेड घेऊन गच्चीवर गेले. एकेक पायरी सावकाश चढले.

वर दिवालीबाई ललिताचे कपडे वाळत घालत होत्या. गरम वारा सुटला होता. नानांनी वायरीचं टोक धरलं, निळं साल काढलं आणि तार खरवडली. लाल. आणखी खोल खरवडली. लालच.

दिवालीबाईंनी लेकीची ओली ओढणी त्यांच्या हातात दिली.

"तेवढा चिमटा लावा," त्या म्हणाल्या. "नाहीतर उडी जाई."